हाताचा शब्द

बिरू कोळेकरचं मनगट मी शेवटचं तपासलं त्या गुरुवारी सकाळचे साडेदहाच वाजले होते, आणि मी दिवसभराचं काम केल्यासारखी दमले होते. हल्ली दमायला मला अख्खा दिवस लागत नव्हता. चोपन्नाव्या वर्षी दमणं हा काही आजार नव्हे, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि सगळ्यांना ते पटतही होतं.

"मूठ वळा. मनगट वर उचला. आता मी खाली दाबणार. धरा. धरा. सोडू नका."

ही वाक्यं मी एकतीस वर्षं म्हणते आहे. लग्नात भटजी मंगलाष्टका म्हणतात तसं आता अर्थाकडे लक्ष न देताही जमतं. बिरूने दात आवळले. मी त्याच्या मुठीच्या पाठीवर तळहात ठेवून दाबलं, आणखी दाबलं. मनगट हललं नाही. मग डावं, म्हणजे चांगलं मनगट तपासलं. तेही हललं नाही. दोन्ही सारखी.

"पाच," मी म्हणाले.

"बाही चार पूर्णांक एक म्हणतेय, मॅडम," पडद्याकडे बघत इरफान म्हणाला.

"बाहीला म्हणू दे. लिही पाच."

इरफान मुजावर माझा विद्यार्थी. आता माझ्याच विभागात यंत्रांचं काम बघतो. तो लिहायला वाकला, पण लगेच लिहिलं नाही. त्याने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. ते मला तेव्हा आवडलं नव्हतं, एवढं आठवतं.

फिजिओच्या धंद्यातलं स्नायूंचं सगळं शास्त्र सहा आकड्यांत बसतं. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे हालचाल नाही, पण बोटाखाली स्नायू फडफडलेला कळतो. दोन म्हणजे हाताचं वजन टेबलावर टेकवून दिलं तर तो सरकतो. तीन म्हणजे स्वतःचं वजन पेलून उचलला जातो, पण वरून जरा दाब आला की पडतो. चार म्हणजे थोडाफार दाब सोसतो. पाच म्हणजे तपासणाऱ्याने सगळा जोर लावला तरी पडत नाही. तीनपर्यंतचे आकडे पृथ्वी ठरवते, आणि तिचं ओढणं सगळ्यांना सारखं. तीनच्या पुढचं ठरवतो तपासणाऱ्याचा हात, आणि सगळा घोळ तिथे असतो. पहिल्या वर्षाच्या काडीसारख्या मुली सगळ्यांना पाच देतात. पैलवानालाही पाच, लकव्यातून उठलेल्या आजोबांनाही पाच. मी त्यांना म्हणायचे, "बायांनो, पेशंट पाच नाही, तुमचा हात तीन आहे." वर्ग हसायचा. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी तेच हसू.

हा घोळ मिटवायला बाही आली. दिसायला क्रिकेटवाले घालतात तसली काळी, घट्ट बाही. आतल्या बाजूला केसाएवढे धागे. स्नायू कामाला लागला की त्यात जी बारीक वीज उठते ती ते टिपतात. मधल्या थरात अल्ट्रासाउंडच्या टिकल्या. तंतू किती जाड आहेत, किती आखडले ते बघायला. वरच्या बाजूला, जिथे माझा तळहात टेकतो तिथे, दाब मोजणारी पट्टी. तिन्हींचा मेळ घालून बाही एका दशांशापर्यंत आकडा देते. कानामागून आली आणि तिखट झाली. मिरजेतल्या आमच्या इस्पितळाने ती आणली आणि सहा महिन्यांत हाताने तपासणं बंद करायचं ठरवलं.

तेव्हा भांडले मी. संघटनेची चिटणीस होते, अंगात रग होती. तीन वर्षांपूर्वी करार झाला, त्यातली दोन कलमं माझ्या हातची. पहिलं असं, की हात आणि बाही यांचं जुळलं नाही तर ज्येष्ठ तपासनीसाच्या हाताचा शब्द शेवटचा. दुसरं असं, की वरच्या पट्टीवर तपासणाऱ्याच्या दाबाची जी नोंद होते ती साठवली जाईल, पण कुणी बघायची नाही. "आम्ही रुग्ण मोजतो, आम्हाला कुणी मोजायचं नाही," असं मी सभेत म्हणाले, त्यावर पाच मिनिटं टाळ्या पडल्या.

तर बिरू. जतकडचा, छत्तीस वर्षांचा, वीज कंपनीत लाइनमन. चौदा महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, दंडाचं हाड मोडलं आणि हाडाला चिकटून जाणारी नस चिरडली. मनगट लुळं पडलं. आला तेव्हा हात पुढे केला की पंजा सुकल्या पानासारखा लोंबायचा. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, "रोज यायचं. खाडा चालणार नाही." त्याने एक खाडा केला नाही. मी त्याला एकपासून चढवत चढवत वर आणला होता. आता तारांची पाहणी ड्रोन करतात, पण तार पेलणारी चिनीमातीची फुटलेली चकती बदलायला अजून माणूसच खांबावर चढतो. कंपनीचा नियम साधा होता. शेवटच्या तपासणीत मनगट पाच असेल तर खांब, नाहीतर उपकेंद्रातली खुर्ची, कायमची. बिरूला खुर्ची नको होती.

"सोमवारी चढतो बगा, म्याडम," तो म्हणाला. पिशवीतून बेदाण्याची पुडी काढून टेबलावर ठेवली. "घरचं हाय. खावा."

त्याची बायको रेणुका दाराशी थांबली. तो दाखल्याचा कागद घ्यायला खिडकीशी गेला तसं तिने मला हळूच विचारलं, "म्याडम, खरंच पाच हाय न्हवं? तीस फुटावर ह्यो उजव्या हातानंच धरून ऱ्हातो. शेजारनं चालू तार असती."

"अगं, मी स्वतः दाबून बघितलं."

"न्हाई, तसं न्हवं. हात सुटायचा न्हाई न्हवं?"

"माझा शब्द," मी म्हणाले.

ती हसली. मीही हसले असेन. पुढचा पेशंट आत येत होता.

*

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत इरफान माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. हा मुलगा दार लावणाऱ्यांतला नाही.

"मॅडम, मी एक नियम मोडलाय."

"मोड की. मी काय पोलीस आहे?"

"तुम्हीच लिहिलेला नियम आहे."

त्याने टॅबलेट माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर एक रेघ होती. डावीकडे बरीचशी सपाट आणि मग उजवीकडे उतरत गेलेली. घाटातून खाली येणाऱ्या रस्त्यासारखी, एकही धक्का नसलेली.

"हा वरच्या पट्टीवरचा दाब," तो म्हणाला. "मनगट तपासताना तपासणाऱ्याने जास्तीत जास्त किती जोर लावला. बावीस महिन्यांपूर्वी साडेचौदा किलो. काल आठ."

"कुणाचा?"

त्याने टॅबलेट माझ्याकडे आणखी सरकवला. मला समजलं, तरी मी पुन्हा विचारलं. माणूस असंच करतो.

"पट्टी झिजली असेल," मी म्हणाले.

"तीनदा बदलली. त्याच पट्टीवर माझी रेघ सपाट आहे. जोशीसरांची सपाट आहे."

"मग तुमच्या बाहीला काही येत नाही." माझा आवाज चढला. "हे बघ, माझा हात एकतीस वर्षं..."

"मॅडम," तो म्हणाला, अगदी हळू, "पेशंट पाच नाही, तुमचा हात तीन आहे, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

तेव्हा मला त्याचा राग आला नाही. यायला हवा होता, पण आलाच नाही, मी नुसती बसून राहिले. मग समजलं की बिरूचं चांगलं मनगटही काल हललं नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या वाटतात का हे आम्ही खात्रीसाठी बघतो. पण हातच हलका असेल तर दोन्ही बाजू सारख्याच वाटणार. मी ज्याला पुरावा समजत होते तो माझ्याच अशक्तपणाचा पुरावा होता.

मी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, मग पालथा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक मांसल उंचवटा असतो. माझ्या डाव्या हाताला तो होता. उजव्याला तिथे खळगा होता. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी तो हात रोज साबणाने धुवत होते, त्याला क्रीम लावत होते, आणि पाहिला नव्हता. त्याच्या वर, मनगटाच्या मागे, कातडीखाली काहीतरी फडफडत होतं. थांबायचं, पुन्हा फडफडायचं. मी जोर लावत नव्हते, तरी.

खळगा आणि फडफड एकत्र दिसली की काय समजायचं, हे मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाला शिकवते. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यात असतात. एका आजारात त्या एकेक करून मरतात. निरोप पोचत नाही, स्नायू सुकतो. हातापासून सुरू होतं आणि श्वासापर्यंत जातं. बरं करणारं औषध अजून नाही. थोपवणारं आलंय, चार वर्षं झाली. पहिल्या वर्षात सुरू केलं तर दहा-बारा चांगली वर्षं मिळतात. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं टिकवायचं.

"रेघ कुठे वळली?" मी विचारलं.

इरफानने बोट ठेवलं. बावीस महिन्यांपूर्वी. करार होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. बाहीने ते पहिल्या महिन्यापासून नीट लिहून ठेवलं होतं, आणि ते कुणी वाचायचं नाही असा नियम मी करून ठेवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

"चाचण्या कराव्या लागतील," इरफान म्हणाला. "कदाचित मानेतली नस दबली असेल, मॅडम. तसंही असू शकतं."

"असू शकतं," मी म्हणाले. दोघांनाही तसं वाटत नव्हतं. "आधी बिरूचं बघ. सोमवारी तो चढणार आहे."

त्याने त्याचाही विचार करून ठेवला होता. दाखला मागे घ्यायच्या कागदावर कारणाचे तीन चौकोन असतात. रुग्णाने माहिती लपवली. यंत्राचा आकडा ग्राह्य धरला. तपासनीसाची चूक.

"दुसऱ्यावर खूण करू," इरफान म्हणाला. "बाहीचा आकडा ग्राह्य. बास. तुमचं नाव कुठे येणार नाही. तुम्ही शांतपणे चाचण्या करून घ्या, रजा टाका. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि बिरू?"

यंत्राचा आकडा ग्राह्य धरला की शेवटची तपासणी संपली. चार पूर्णांक एक म्हणजे खुर्ची. तिसऱ्या चौकोनात खूण असेल तरच रुग्णाला आणखी सहा महिने उपचार आणि नवी तपासणी मिळते, कारण चूक त्याची नव्हती. पण तिसऱ्या चौकोनाखाली एक ओळ आहे. तपासनीसाच्या हाताची श्रेणी, आणि तिच्यावर दुसऱ्या तपासनीसाची सही. तो कागद वर गेला की माझं काम संपलं. त्यासोबत हाताच्या शब्दाचं कलमही संपलं, माझ्यासकट सगळ्यांसाठी.

"या बावीस महिन्यांत बाहीपेक्षा जास्त श्रेणी मी किती जणांना दिली?"

"एकशे बारा."

एकशे बारा माणसं. कुणी ट्रक चालवत असेल, कुणी शिडीवर असेल, कुणी नातवंडाला कडेवर घेऊन जिना उतरत असेल. आणि सगळी मला आशीर्वाद देत असतील. मला इतका थकवा आला की मी डोकं टेबलावर टेकलं. इरफानने पाण्याची बाटली पुढे केली, मग स्वतःच तिचं झाकण उघडून दिलं.

*

संध्याकाळी घरी भाकरी थापायला बसले. ज्वारीचं पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावं लागतं, नाहीतर भाकरी चिरते. वर्षभर माझ्या भाकऱ्या चिरत होत्या. मी ज्वारीला शिव्या देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

भूपाल, माझे यजमान, दारात उभे राहून बघत होते. भूपाल मगदूम हे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. माणूस कमी बोलतो आणि जे बोलतो ते उशिरा.

"अहो, लोणच्याची बरणी द्या," मी म्हणाले.

त्यांनी दिली. मी झाकण फिरवलं, ते लगेच उघडलं. वर्षभर या घरातली सगळी झाकणं अशीच लगेच उघडत होती. बाहेर माझ्याने बाटली उघडत नाही, आणि घरात प्रत्येक बरणी उघडते. हे माझ्या लक्षात यायला चोपन्न वर्षांचं आयुष्य आणि एक आलेख लागला.

"तुम्ही सैल करून ठेवता?"

ते ओशाळले. "मागच्या दिवाळीपासून. तुला जमत नव्हतं, आणि तू चिडायचीस. म्हटलं, कशाला."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू, पद्मा? तू स्वतःच त्यातली. तुला कळत असेल असं वाटलं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तव्याखालची आच बंद केली आणि पिठाने भरलेला माझा हात तसाच धरून खाली बसले. मी रडले. रडावंसंच वाटलं, रडले. त्या चिरलेल्या भाकऱ्या तशाच परातीत राहिल्या आणि आम्ही दूधभात खाल्ला.

हात धुताना राहून राहून एकच वाटत होतं. घरचा माणूस झाकण सैल करून ठेवतो, दवाखान्यातला माणूस दुसऱ्या चौकोनात खूण करू म्हणतो. सगळ्यांची माझ्यावर माया आहे. म्हणूनच माझ्यावर दाब द्यायला कुणी तयार नाही. आणि दाब दिल्याशिवाय श्रेणी कळत नाही, हे तर या धंद्याचं पहिलं वाक्य.

*

शनिवारी सकाळी बिरू आणि रेणुका आले. त्यांना फोन करून मी एवढंच म्हणाले होते की एक तपासणी राहिली आहे. बिरू नवा शर्ट घालून आला होता.

"इरफान, तू तपास. हाताने," मी म्हणाले.

बिरूने मूठ वळून मनगट उचललं. इरफानने तळहात ठेवला आणि दाबलं. नुसत्या हाताने तपासायची त्याला सवय नाही. ही पिढी पडदा बघून मोठी झाली. पण तिशीतल्या निरोगी पुरुषाचा हात तो. मनगट क्षणभर थांबलं, थरथरलं आणि खाली गेलं.

बिरू आपल्या पंजाकडे बघत राहिला. "पुन्यांदा," तो म्हणाला.

पुन्हा गेलं. तिसऱ्यांदाही गेलं.

"चार," मी म्हणाले. "बिरू, तुमचं मनगट चार आहे. परवाही चारच होतं. पाच मी चुकून दिला."

"चुकून म्हंजी? तुमी दाबलासा की. म्या धरलं. पडलं का?"

"नाही पडलं."

"मंग?"

"माझा हात गेलाय. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू गेला, मला कळलं नाही. मी दाबत होते, पण दाब येतच नव्हता."

तो खुर्चीतून उठला. चौदा महिन्यांत तो माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलला नव्हता. आता बोलला. "म्या गावात सांगून आलोय! सोमवारी चढनार म्हनून आख्ख्या वस्तीला जेवान घातलंय! चौदा म्हैनं तुमी म्हनशीला तसं केलं. मंग परवा म्या हरवलं कुनाला?"

"एका आजारी बाईला," मी म्हणाले.

मग रेणुका पुढे आली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "तुमी शबुद दिला हुता, म्याडम."

"हो. तो परत घ्यायला बोलावलंय तुम्हाला."

मी कागद काढला आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. त्यांना समजावून सांगितलं की या खुणेमुळे सहा महिने मिळतील. चार पूर्णांक एकवरून पाच होऊ शकतं, होईलच असं नाही. झालं तर खांब, नाही झालं तर खुर्ची. पण या खेपेला खरा आकडा मिळेल. बिरू ऐकत होता की नाही कळत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"खालची ओळ भरायची आहे," मी इरफानला म्हणाले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनी अंगठ्याच्या दिशेने, बाहेरच्या बाजूला नेली. त्या खळग्याच्या जागी जो स्नायू असतो त्याची ही तपासणी. बोट बाहेर धरायचं, आणि तपासणाऱ्याने आपल्या एका बोटाने ते आत ढकलायचं. निरोगी बाईचं बोट एका बोटाने ढकलून जात नाही.

इरफानने बोट टेकवलं. मला त्याचं बोट जेमतेम लागलं.

"पाच," तो म्हणाला.

"इरफान, तू दाबलंच नाहीस."

"दाबलं, मॅडम."

"मला शिकवू नकोस. पुन्हा दाब."

त्याने पुन्हा बोट टेकवलं आणि पुन्हा तेच. त्याचे डोळे भरले होते. "मला नाही जमत," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बोलवा. जोशीसरांना बोलवा."

जोशीसर माझ्याबरोबर तेवीस वर्षं आहेत. त्यांनीही पाचच दिला असता.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बिरू खिडकीकडून येऊन माझ्यासमोर बसला होता. त्याने आपला उजवा हात पुढे केला. तोच, चारचा. काळवंडलेली जाड तर्जनी माझ्या तर्जनीला लावली. राग अजून त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि मला बरं वाटलं. या खोलीत माझ्यावर माया न करणारा एक तरी माणूस होता.

"म्या दाबनार," तो म्हणाला. "धरा, म्याडम."

मी धरलं.

"धरा. धरा. सोडू नका."

माझी वाक्यं, माझ्याच आवाजाच्या चढउतारात. मी दात आवळले. खांद्यापासून सगळा जीव त्या एका बोटात आणला. सव्वा वर्षापूर्वी ज्याचं मनगट लोंबत होतं त्याने एका बोटाने माझं बोट आत ढकललं, आणि ते काही अडथळा न करता गेलं. दार उघडंच असावं तसं गेलं.

मी पुन्हा बाहेर नेलं. ते स्वतःहून गेलं, पण टोकाला पोचून थरथरायला लागलं. बिरूने या वेळी नुसतं टेकवलं. तेवढ्यानेही पडलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते मला दिसलं नाही. मी बोटाकडे बघत होते. त्याने माझा पंजा उचलला, टेबलावरची छोटी उशी ओढून मनगटाखाली नीट सरकवली, आणि हात तिच्यावर ठेवला. चौदा महिने मी त्याचा ठेवत होते तसाच.

इरफानने नाक पुसलं आणि पेन उघडलं. "किती लिहू, मॅडम?"

"मला काय विचारतोस? तपासलं त्यांनी."

बिरूने माझ्याकडे पाहिलं, मग रेणुकेकडे. मी मनात म्हणत होते, चार म्हण. माणूसच मी. शेवटपर्यंत वाटत होतं, चार म्हणेल.

"तीन," तो म्हणाला.

इरफानने तीन लिहिलं आणि खाली सही केली. मग बिरूने टेबलावरची गुरुवारची बेदाण्याची पुडी माझ्या डाव्या हाताकडे सरकवली.

"सहा म्हैनं म्या येनार हाय," तो म्हणाला. "तुमी बी यायचं. रोज यायचं, म्याडम. खाडा चालायचा न्हाई."